शेवटच्या हप्त्यानंतरचं बिल

फर्दापूरच्या टी-पॉइंटवर पर्यटकांच्या गाड्या थांबतात. तिथून लेणीपर्यंतचे चार किलोमीटर एसटीच्या बसने जायचं, म्हणजे गाड्यांचा धूर चित्रांपर्यंत पोचत नाही. त्याच फाट्याजवळ अजिंठ्याचं अभ्यागत केंद्र आहे. गावात त्याला सगळे ‘व्हिजिटर सेंटर’च म्हणतात. अजिंठा-वेरूळ परिसराच्या विकासासाठी जपानने दोन टप्प्यांत कर्ज दिलं, पहिलं १९९२ साली आणि दुसरं २००३ साली. त्या प्रकल्पातून हे केंद्र बांधलं गेलं आणि २०१३ मध्ये लोकांसाठी उघडलं. आत १, २, १६ आणि १७ क्रमांकांच्या लेण्यांच्या प्रतिकृती आहेत. ज्या म्हाताऱ्या माणसाला वरच्या पायऱ्या चढवत नाहीत, त्यालाही इथे चित्रं बघता येतील अशी सोय होती. काही वर्षांतच विजेची आणि पाण्याची बिलं थकली आणि केंद्राला कुलूप लागलं.

हा व्यवहार सरकारा-सरकारातला होता आणि पैसा कर्जाचा होता, अनुदानाचा नव्हता, हे मला माहीत आहे. कुणाला दोष द्यावा म्हणून मी तो सांगत नाही. पण त्या कुलपावरून जाताना मला आमच्या भागातली लहान लहान कुलपं आठवतात. एका गावात पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलं, त्याची जाळी बदलायला पैसे नाहीत. दुसऱ्या गावात शिलाई मशीनच्या खोलीचं भाडं थकलं. तिसरीकडे शाळेत संगणक आले आणि वर्षभराने पोत्याखाली झाकून ठेवले. इमारत, यंत्र, उद्घाटन या सगळ्याला पैसे मिळाले होते. उद्घाटनानंतरच्या महिन्याचं बिल मात्र कुणाच्याच नावावर लिहिलेलं नव्हतं.

मी वह्यांचा माणूस आहे. सोयगाव आणि सिल्लोड तालुक्यांतल्या लहान संस्था, मंडळं, बचत गट यांचे हिशोब बरीच वर्षं लिहितो आणि तपासतो. अनुदान म्हणजे काय, ते घेताना नि देताना काय बोलायचं, हे मला कुणी शिकवलं नाही, चुकत शिकलो. ज्यांच्या हातात आज एखाद्या कंपनीचं, ट्रस्टचं किंवा सरकारी योजनेचं पत्र आहे, त्या गावच्या सचिवाला, अध्यक्षताईंना हे सांगायचं आहे. आणि शहरातून चांगल्या मनाने पैसे घेऊन येणाऱ्यांनाही.

पहिली विनंती गावच्या माणसाला. कुणी पैसे द्यायला आलं की आपण लगेच ‘हो साहेब, जमेल’ म्हणतो. काय जमेल, किती दिवसांत जमेल, कोण करील, हे नंतर बघू. हातचं जाईल ही भीती असते आणि ती खोटी नाही. पण त्या पहिल्या बैठकीत तुम्ही जे बोलत नाही, ते पुढची दोन वर्षं तुमच्या मानेवर बसतं. म्हणून चहा प्यायच्या आधी विचारा: ‘सर, तुमचा शेवटचा हप्ता मिळाल्यावर पुढच्या महिन्याचं बिल कोण भरणार?’ हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. ज्याला खरंच काम उभं करायचं आहे, तो माणूस या प्रश्नाने खूश होतो. जो नाराज होतो, त्याचे पैसे नाकारलेले बरे.

माझी स्वतःची चूक सांगतो. नाला खोलीकरणाचा एक प्रस्ताव मी लिहून दिला होता. पैसे तीन हप्त्यांत यायचे होते आणि दुसरा हप्ता ‘पहिल्याचा खर्च व अहवाल मंजूर झाल्यावर’ असं करारात होतं. मी ते वाक्य वाचलं आणि पुढे गेलो. आमच्याकडे मातीचं काम करायला मुदत किती? कपाशी उपटली, रब्बीचं निघालं की मग रान मोकळं होतं. तिथून मृगाच्या पावसापर्यंत जेवढे दिवस, तेवढेच. पहिला हप्ता मार्च संपताना आला, अहवाल मे महिन्यात गेला, आणि मंजुरी आली तेव्हा नाल्यातून पाणी वाहत होतं. पोकलेनवाल्याचे पैसे सचिवाने उसने काढून दिले होते. तो माणूस पुढचं वर्षभर माझ्याशी नीट बोलला नाही, आणि त्याचं बरोबर होतं. देणाऱ्या संस्थेचंही मन वाईट नव्हतं. त्यांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि आमचं पावसाला, एवढंच कुणी कागदावर मांडलं नाही. ते मांडायचं काम माझं होतं.

तेव्हापासून मी कुठल्याही कराराच्या मागच्या पानावर आधी शेतीचं वेळापत्रक लिहायला लावतो. वेचणीच्या दिवसांत बायकांचं प्रशिक्षण ठेवू नका, कुणी येणार नाही, आणि आल्या तर त्यांची मजुरी बुडवून येतील. मातीच्या कामाचा हप्ता जानेवारीअखेर बँकेत हवा. पेरणीच्या पंधरवड्यात पाहणीला येऊ नका. हप्त्याची तारीख ही पैशाइतकीच महत्त्वाची गोष्ट आहे, आणि ती बदलून मागायला गावचा माणूस सर्वांत जास्त लाजतो.

कंपन्यांचे पैसे आता खेड्यापर्यंत येतात, ते २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या १३५ व्या कलमामुळे. १ एप्रिल २०१४ पासून ठरावीक आकारावरच्या कंपन्यांना आपल्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. यात दोन गोष्टी गावच्या संस्थांना कुणी सांगत नाही. एक, फेब्रुवारीत फोन येतो आणि ‘एकतीस मार्चच्या आत सगळं खर्च करून बिलं द्या’ म्हणतात. पण २०२१ पासून कायद्याने वाट ठेवली आहे. काम एका वर्षात संपणारं नसेल तर कंपनी ते चालू प्रकल्प म्हणून दाखवू शकते, उरलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या तीन वर्षांत खर्च करू शकते. तेव्हा घाईघाईने ताडपत्र्या आणि स्टीलचे डबे वाटण्यापेक्षा हे विचारा. दुसरी गोष्ट पाच टक्क्यांची. ‘प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांवर चालत नाही, कायदाच आहे’ असं सांगून लहान संस्थेच्या हिशोबनिसाचा पगार, प्रवास, कार्यकर्त्याचं मानधन सगळं कापलं जातं. नियम तसा नाही. ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीने स्वतःच्या कचेरीत या कामाच्या सर्वसाधारण व्यवस्थेसाठी केलेल्या खर्चावर आहे. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख यांचा थेट खर्च त्यात धरायचाच नसतो. गावोगाव फिरून बैठका घेणारी ताई म्हणजे प्रकल्पच आहे. तिचा पगार हा ‘वरखर्च’ नव्हे.

देणाऱ्यांनी इथे जरा थांबून ऐकावं. फर्दापूर जळगावपासून साठेक किलोमीटर, पण आमचा जिल्हा छत्रपती संभाजीनगर, तो शंभराच्या वर. धर्मादाय कार्यालयात एक कागद द्यायचा तर सचिवाचा अख्खा दिवस जातो, बसभाडं जातं, त्या दिवसाची मजुरी जाते. कागदात एक सही राहिली तर पुन्हा तेच. तुम्ही मागता ते लेखापरीक्षण, तिमाही अहवाल, ठिकाणासह फोटो, लाभार्थ्यांच्या आधारच्या प्रती, हे सगळं कुणीतरी रात्री दिव्याखाली बसून करतं. ते काम तुम्हाला हवं असेल तर त्याचे पैसे द्या. शंभर रुपये कामाला देऊन त्या शंभराचा हिशोब ठेवायला काहीच द्यायचं नाही, आणि मग ‘ग्रामीण संस्थांकडे क्षमता नाही’ असं अहवालात लिहायचं, हे मला अन्यायाचं वाटतं.

कागदांचं थोडक्यात सांगतो, कारण ते ठरलेलं आहे. १८६० च्या कायद्याखाली सोसायटी नोंदवली तरी आपल्या राज्यात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही नोंद लागते. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट. वर्ष संपलं की ऑडिट. हे वेळेवर करा. दहा वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाचं नाव अजून खजिनदार म्हणून असेल तर चांगला देणगीदार तुमच्याशी करार करणार कसा? प्रोसिडिंग बुकात ठराव त्याच बैठकीत लिहा. मागाहून सगळ्यांच्या घरी वही फिरवून सह्या घेऊ नका.

परदेशी पैशाबद्दल मात्र सावध करायला हवं. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. आधी मुंबई-पुण्याची एखादी मोठी संस्था परदेशातून निधी घेई आणि त्यातला वाटा नोंदणी असलेल्या लहान संस्थांना पुढे देई. तशी पुढे द्यायची वाट आता बंद आहे. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली. यावर उपाय म्हणून कधी कधी सुचवलं जातं, ‘तुम्ही सेवा पुरवल्याचं बिल द्या, आम्ही पैसे देतो.’ खरोखर एखादी सेवा विकली असेल तर गोष्ट वेगळी. पण अनुदानाला बिलाचं सोंग देणार असाल तर सही करू नका. चौकशी झाली तर मोठ्या संस्थेकडे वकील असतो, आपल्याकडे पोस्टाने आलेली नोटीस वाचायला माणूस शोधावा लागतो. त्यापेक्षा मोठ्या संस्थेला सांगा की तुमचा कार्यकर्ता आमच्या गावात ठेवा, खर्च तुमच्याच वहीत दाखवा, आम्ही बरोबरीने काम करू. पैसा हातात येणार नाही, पण काम येईल.

एकाच देणाऱ्यावर विसंबू नका, हेही अलीकडे जगाने पाहिलं. २० जानेवारी २०२५ ला अमेरिकेने परदेशी मदत थांबवली आणि १ जुलैला त्यांची मदत देणारी संस्था कामकाजापुरती संपली. कितीतरी देशांत दवाखान्यांची, पोषणाची कामं एका आदेशाने अर्ध्यावर सुटली. त्याआधी २०१६ मध्ये इस्तंबूलच्या परिषदेत मोठ्या देणगीदारांनी आणि संस्थांनी शब्द दिला होता की आपत्तीतल्या मदतीचा चौथा हिस्सा २०२० पर्यंत स्थानिक संस्थांना जास्तीत जास्त थेट देऊ. तो पाळला गेला नाही. मोठ्यांचे शब्द असे मोडतात, तर आपण आपल्या करारात एवढं तरी लिहून घ्यावं की निधी थांबवायचा झाला तर तीन महिने आधी कळवावं आणि तोवर नेमलेल्या माणसांचे पगार द्यावेत. मागितलं तर मिळतं. मी दोनदा मिळवलं आहे.

आता एक चांगलं उदाहरण, आणि ते आपल्याच राज्यातलं आहे. १९९० च्या दशकात नगर आणि आसपासच्या दुष्काळी भागात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम सुरू झाला. त्यामागे फादर हर्मन बाकर होते, पैसा जर्मनीचा होता, नाबार्ड मध्ये होती. पुढे १९९३ मध्ये ‘वॉटर’ ही संस्था गावांची तयारी करून घेण्यासाठी निघाली. त्या कार्यक्रमाचं मला सर्वांत पटलेलं वैशिष्ट्य हे की गावाला मोठे पैसे लगेच मिळत नसत. आधी गावाने श्रमदान करून दाखवायचं, मोकाट चराईवर आणि झाडतोडीवर बंदी घालायची, ग्राम पाणलोट समिती निवडायची. मग लहानशा तुकड्यावर काम. ते करता करता समिती मस्टर भरायला, मापं घ्यायला, बँकेचं खातं चालवायला शिके. त्यानंतरच पूर्ण पाणलोटाचा निधी. आणि तो निधी समितीच्या खात्यात यायचा, समिती आणि संस्था दोघांच्या सह्यांनी निघायचा. देखभालीसाठी रक्कम सुरुवातीपासून वेगळी साठवली जाई.

या रचनेत विश्वास आणि देखरेख दोन्ही होतं. नुसती देखरेख असली की गावचा माणूस पोरगा ठरतो, पावत्या चिकटवणारा. नुसता विश्वास टाकला की पहिल्याच वर्षी दोन गट पडतात, कारण एवढी रक्कम कधी कुणी हाताळलेली नसते. आजच्या देणाऱ्यांनी निदान पहिले सहा महिने लहान रकमेचे ठेवावेत. एक लाख द्या, त्यात चुका होऊ द्या, बसून त्या दुरुस्त करा, मग पंधरा लाखांचं बोला. आणि गावाने त्या सहा महिन्यांत देणाऱ्यालाही पारखावं. तो वेळेवर पैसे पाठवतो का, फोन उचलतो का, बायकांच्या बैठकीत खुर्ची सोडून सतरंजीवर बसतो का.

चुकांबद्दल आणखी एक. पैसे दुसऱ्याच कामाला वापरले गेले, एखादं बिल हरवलं, समितीतल्या कुणी हात मारला, असं घडतं. त्यावर पांघरूण घालायला जुन्या तारखेची पावती बनवणं हा आमच्याकडचा पहिला विचार असतो. माझ्यासमोर माणसांनी कोऱ्या पावत्यांची बुकं आणून ठेवली आहेत. मी हात जोडून सांगतो, तसं करू नका. देणाऱ्याला त्याच आठवड्यात पत्र लिहा: एवढे रुपये, या तारखेला, असं झालं, असं भरून काढतो. बहुतेक देणारे रागावतात आणि मग मार्ग काढतात. खोटी पावती ऑडिटमध्ये सापडली तर मात्र तुमच्याच संस्थेवर नाही, तालुक्यातल्या प्रत्येक लहान संस्थेवर पाणी पडतं. आणि देणाऱ्यांनो, ज्याने आपणहून चूक सांगितली त्याचा पुढचा हप्ता लगेच अडवू नका. तुम्ही तसं एकदा केलंत की त्या संपूर्ण भागात तुम्हाला खरं कुणी सांगणार नाही.

हिशोब कुणाला द्यायचा, याच्यावर माझं मत ठाम आहे. उपयोगिता प्रमाणपत्र देणाऱ्याला जातं, ऑडिट धर्मादाय कार्यालयाला जातं, आणि ज्यांच्या नावाने पैसे आले त्या गावाला काहीच जात नाही. मग पारावर चर्चा सुरू होते, ‘त्यांना म्हणे वीस लाख आले, घर बांधलं त्याने.’ घर त्याच्या सासऱ्याच्या पैशाचं असतं, पण कुणाला ठाऊक? ही कुजबुज चांगल्या कार्यकर्त्यांना घरी बसवते. त्याला औषध एकच: देणाऱ्याला कागद जायच्या आधी गावात हिशोब मोठ्याने वाचणं. पोकलेनला किती, डिझेलला किती, चहापाण्याला किती, बँकेत शिल्लक किती. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ऐकता येतं. एका गावात असं वाचन चालू असताना एका म्हाताऱ्या आजीने उठून विचारलं, ‘बाळा, मुरूम तर आमच्याच रानातला होता, त्याचे पैसे कुणाला दिले?’ कुठल्याही ऑडिटरला ते कळलं नसतं. पाहिलं तर ते वाहतुकीचं बिल होतं, चुकून मुरुमाच्या नावावर चढलं होतं. तिथल्या तिथे दुरुस्त झालं, आणि आजीचं समाधान झाल्यावर गावाचं झालं.

आमच्याकडे बायकांच्या बचत गटांना ही सवय आधीपासून आहे. बैठकीत पैसे सर्वांसमोर मोजायचे, कर्ज कुणाला दिलं ते सर्वांसमोर बोलायचं. १९७५ मध्ये स्थापन झालेलं महिला आर्थिक विकास महामंडळ आणि २०११ पासून ‘उमेद’ अभियान या गटांच्या मागे आहे, आणि ज्या गावात ग्रामसंघ नीट चालतो तिथे मला हिशोबाची चिंता कधी करावी लागली नाही. तरुण मंडळांनी संस्था काढताना खजिनदार म्हणून अशा गटातली एक ताई घ्यावी. तिला नुसती सहीपुरती घेऊ नका, चेकबुक तिच्या कपाटात राहू द्या.

या वर्षी ज्यांच्या संस्थेच्या, मंडळाच्या, समितीच्या खात्यात बाहेरचा एक रुपयाही आला असेल, त्यांनी १ मेच्या ग्रामसभेला वही घेऊन यावं. ग्रामसभेचा विषय नसेल तर सभा संपल्यावर मंदिरासमोर बसा, संध्याकाळी ऊन उतरल्यावर. जमा वाचा, खर्च वाचा, शिल्लक वाचा, आणि जे उभं केलंय ते पुढच्या वर्षी चालवायला महिन्याला किती लागतील तो आकडा वाचा. तो आकडा ऐकून लोक गप्प होतील. होऊ द्या. मग घरटी किती, ग्रामपंचायत किती, वापरणाऱ्यांकडून किती, हे त्याच बैठकीत ठरवा आणि प्रोसिडिंगमध्ये लिहा. देणाऱ्या संस्थेच्या माणसालाही त्या दिवशी बोलवा. त्याने बॅनर आणू नये, फोटोग्राफर आणू नये, शेवटच्या ओळीत बसून ऐकावं. रात्री उशीर झाला तर मुक्कामाची सोय गावात होते. वही कशी लिहायची यात कुणी अडलं तर मला बोलवा, मी येतो.